मळ्यातले कूळ : एका देसाई घराण्याचे प्रकरण

हे प्रकरण खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मराठा देसाई घराण्याचे आहे. घराण्याचे आणि गावाचे नाव मी देणार नाही, आणि ओळख पटेल अशा काही खुणाही बदलल्या आहेत, कारण या हकिकतीतली काही माणसे अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची नातवंडे एकाच बसने बेळगावला कॉलेजात जातात. दाव्यात मी कोणत्याच बाजूचा वकील नव्हतो. २०२४ मध्ये तडजोड झाल्यावर दोन्ही बाजूंनी आपापले कागद लावून घेण्यासाठी माझ्याकडे आणले, आणि वाड्यातली ट्रंक व मळ्यातली पत्र्याची पेटी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा योग आला. कूळकायद्याचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणाऱ्या कुळांच्या हक्कांचे, कज्जे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण असे उलटसुलट प्रकरण दुसरे पाहिले नाही. १९७६ साली जमीन राखायची तर वाड्याने एका बाईला ‘आमच्या घरची’ म्हणणे भाग होते, आणि जमीन मिळवायची तर त्या बाईने आपण त्या घरच्या नाही असे सांगणे भाग होते. छत्तीस वर्षांनी नेमके उलटे झाले. बाईचा मुलगा तिला घरची म्हणू लागला, आणि वाडा म्हणू लागला की ती तर आमची कूळ.

घराणे आणि जमीन

देसाई म्हणजे परगण्याचा वंशपरंपरेचा अधिकारी. वसुलीवर देखरेख ठेवायची आणि बदल्यात इनाम जमीन, हक्क व मानपान घ्यायचा, या सगळ्याला मिळून देसगत म्हणत. या मुलखात देसायांच्या घरी वारसाचा विषय निघाला की माणसे आवाज खाली करून बोलतात, आणि त्याला जुने कारण आहे. कित्तूरचे दत्तकविधान कंपनी सरकारने मानले नाही म्हणून १८२४ मध्ये लढाई पेटली आणि २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढे त्याच दत्तक मुलाच्या नावाने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिले, आणि नंदगड याच तालुक्यात आहे. आमच्या या घराण्यात तसा वारसाचा तुटवडा कधी नव्हता. त्यांची अडचण एक वारस जास्त असण्याची होती.

मुंबई राज्याच्या १९५० च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने १ मे १९५१ पासून देसगत संपली. वतनाची जमीन सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरल्यावर, घराण्याच्या नावे पुन्हा मिळाली, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती कोणाला देता येणार नाही अशा अटीवर. ही अट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे. परत मिळालेल्या जमिनीत नदीकाठची भातशेती, थोडा माळ आणि डोंगरउतारावरची काजूची राई होती. बहुतेक भातशेती कुळांकडे होती. याखेरीज चंदगडच्या बाजूला तीसेक एकरांचा एक तुकडा होता, थोरल्या देसायांच्या आजीकडून आलेला.

चंदगडचा हा तुकडा वाड्यातल्या लोकांच्या बोलण्यात फारसा येत नाही, पण माझ्या मते प्रकरणाची किल्ली तिथे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई राज्यात कृषकदिन उजाडला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. बेळगावकडे तो दिवस आला नाही. त्यामुळे एकाच घराण्याच्या दोन जमिनींना, मध्ये एक दिवसाची बैलगाडीची वाट असताना, दोन वेगळे कायदे लागले. चंदगडची कुळे मालक झाली आणि खानापूरची कुळे आणखी सतरा वर्षे दिवाळीला खंड घालत राहिली. ट्रंकेत चंदगडच्या तहसीलदारांच्या नोटिसांचा एक गठ्ठा आहे. त्यातल्या एका नोटिसीच्या पाठीवर थोरल्या देसायांच्या हाताने पेन्सिलीत लिहिले आहे : ‘पहाणीत नाव असेल त्याची जमीन.’ वर तारीख नाही. पहाणी म्हणजे कोणती जमीन कोण कसतो हे तलाठी लिहून ठेवतो ते सरकारी दप्तर.

पहाणीतले नाव

थोरल्या देसायांचे लग्न कोल्हापूरकडच्या एका नामांकित घराण्यात झाले होते. वहिनीसाहेबांना एक मुलगा आणि दोन मुली. १९५८ च्या वैशाखात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, थोरल्यांनी दुसरे लग्न केले. मुलगी वाड्यावरच्याच एका कारकुनाची, जातीची पण गरीब घरची. हिंदू विवाह कायदा लागू होऊन तीन वर्षे झाली होती आणि पहिली पत्नी हयात असताना केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो हे त्यांना ठाऊक नसणे शक्य नव्हते, कारण मुंबई राज्यात १९४६ पासूनच द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा होता. नदीपलीकडच्या एका देवळात, चार माणसांत, अक्षता पडल्या. नवी बाई वाड्यात आली नाही. नदीच्या वळणावरच्या मळ्यात तिच्यासाठी दोन खणांचे कौलारू घर बांधले गेले, आणि गाव तिला ‘मळ्यातल्या बाई’ म्हणू लागले. पुढच्या साऱ्या कागदांतही हेच नाव जणू तिच्या सावलीसारखे चालते, म्हणून मीही तेच वापरतो.

१९६० साली तिला मुलगा झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या पहाणीत मळ्यातल्या सहा एकर भातशेतीला आणि दोन एकर माळाला कूळ म्हणून बाईंचे नाव लागलेले दिसते. बक्षीसपत्र का केले नाही, हा प्रश्न मी वाड्याच्या नातवाला विचारला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘रजिस्टर हापिसात कागद वाचून दाखवतात की ओ.’ त्यात आणखी परत मिळालेल्या वतनजमिनीला कलेक्टरची परवानगी लागली असती, आणि परवानगीच्या अर्जात नाते लिहावे लागले असते. कूळ लावायला यातले काहीच लागत नव्हते. तलाठ्याने रकान्यात एक नाव लिहिले की झाले.

कूळ म्हटले की खंड आला आणि खंड म्हटला की पावती आली. मळ्यातल्या पेटीत दिवाणजींच्या अक्षरातल्या बारा पावत्या आहेत. प्रत्येकीवर चार पोती भात पावल्याचे लिहिले आहे, पीक कसे का आले असेना. चांगल्या सालाला चार, वाईट सालाला चार. या बारांतली एक मी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली. तिच्यावर श्रावण वद्य पंचमीची मिती आहे. श्रावणात आमच्याकडचे भात अजून पोटरीलाही आलेले नसते, शेतात गुडघाभर चिखल असतो आणि खळे सारवायला दोन महिने अवकाश असतो. त्या मितीला चार पोती भात खंडाचे पावले, असे लिहिणाऱ्या दिवाणजीचे लक्ष त्या दिवशी कुठे होते कोण जाणे. बहुधा चारपाच सालांच्या पावत्या त्याने एका बैठकीत उतरवून टाकल्या असाव्यात, कारण शाई एकच आहे आणि निबेला एकाच जागी फाटा फुटलेला आहे.

वाड्याची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, याच्या उलट सांगते. त्या बारा सालांत मळ्याकडून एक पायलीही जमा नाही. खर्चाच्या बाजूला मात्र दर दोनतीन महिन्यांनी नोंद येते : मळ्याकडे रवाना, भात पोती सहा, तुरीची डाळ, गूळ ढेप एक, रॉकेल. धान्य वाड्यातून मळ्यात जात होते आणि कागद मळ्यातून वाड्यात आल्याचे सांगत होता. ज्या दिवाणजीने पहाणीत आणि पावत्यांत हवे तसे लिहिले त्याला आपल्या कीर्दीत मात्र खोटे लिहवले नाही. जुन्या कारकुनांची ही जात आता पाहायला मिळत नाही.

आता थोरल्यांनी हे नाव नेमके कशासाठी लावले, यावर दोन मते आहेत. वाड्याचे मत असे की ती निव्वळ लपवालपवी होती आणि पुढे कायदा असा येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मला हे पटत नाही. पहाणीत नाव लागले ते चंदगडच्या नोटिसा येऊन गेल्यानंतर. कुळाचे नाव एकदा रकान्यात बसले की ते मालकाला कसे उठवते, हे या माणसाने थोड्याच काळापूर्वी तीस एकर घालवून पाहिले होते. जे बक्षीसपत्राने उघडपणे देता येत नव्हते ते कायदा कधी तरी आपोआप देईल, अशा हिशोबानेच त्यांनी ते नाव घातले, असे मी मानतो. पेन्सिलीतली ती ओळ याखेरीज कशासाठी लिहिली असेल, ते मला सुचत नाही. अर्थात मेलेल्या माणसाच्या मनातले सिद्ध करता येत नाही, आणि कोणी न्यायालयापुढे तसा प्रयत्नही केला नाही.

न्यायाधिकरणापुढे

थोरले १९७१ मध्ये वारले. कारभार मुलाकडे आला. त्याला वाड्यात आबासाहेब म्हणत. तीन वर्षांत देवराज अर्स यांच्या सरकारने जमीन सुधारणा कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ मार्च १९७४ रोजी कुळांच्या ताब्यातली सगळी जमीन सरकारकडे वर्ग झाली. कुळाने सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि तालुक्याच्या न्यायाधिकरणाने चौकशी करून कब्जेदारी हक्क द्यायचा, अशी रीत होती. असिस्टंट कमिशनर अध्यक्ष आणि सरकारने नेमलेले चार सदस्य, त्यांत निदान एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा. ज्यांच्या आज्याने वाड्याच्या देवडीवर पायताण काढून हातात घेतले तो माणूस आता टेबलाच्या पलीकडे बसून देसायांना प्रश्न विचारू लागला. सुरुवातीच्या काळात न्यायाधिकरणापुढे वकिलांना उभे राहता येत नसे, त्यामुळे आबासाहेबांना स्वतःच बोलावे लागे, आणि तेही कानडीत चाललेल्या कामकाजात.

वाड्याच्या जमिनीवर तेवीस अर्ज पडले. बाविसांना आबासाहेबांनी हरकत घेतली. हा गडी आमचा सालगडी, हा वाट्याने करतो, याचे नाव तलाठ्याने पैसे खाऊन लावले, अशा त्या हरकती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कच्च्या आहेत. तेविसावा अर्ज मळ्यातल्या बाईंचा होता.

बाईंच्या अर्जाला मात्र पक्की हरकत घेता आली असती. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, पण तो मालकाच्या कुटुंबातला असेल तर नाही. ही आमच्या वडिलांची बायको, ती कूळ कसली, एवढे एक वाक्य आबासाहेबांनी उच्चारले असते आणि कीर्दीतले एक पान पुढे ठेवले असते तर आठ एकर वाचण्याची शक्यता होती. शून्य विवाहातली पत्नी कुटुंबातली धरायची की नाही यावर वाद झाला असता, आणि तो युक्तिवाद टिकलाच असता असे मी म्हणणार नाही. पण श्रावणातल्या पावतीने तरी कूळपणाचा डोलारा नक्कीच हलवला असता.

आबासाहेब बोलले नाहीत. त्या वर्षी धाकट्या बहिणीची सोयरीक गडहिंग्लजकडच्या एका घराण्याशी चालली होती. माणसे पाहून गेली होती, देण्याघेण्याचे ठरत आले होते. तालुक्याच्या कचेरीत, पन्नास माणसांच्या देखत, वडिलांच्या दुसऱ्या लग्नाची वाच्यता झाली असती तर ती बैठक तिथेच मोडली असती. वहिनीसाहेबांनी मुलाला काय सांगितले ते कोणी ऐकले नाही, पण सुनावणीच्या आदल्या रात्री त्या जेवल्या नाहीत एवढे धाकट्या आक्कासाहेबांना आठवते.

सुनावणीचा कागद दीड पानांचा आहे. बाईंनी पेरणी कधी करता, कोणते बी, हे सगळे बिनचूक सांगितले. इंटाण लावतो म्हणाल्या, धूळवाफेवर कुरीने पेरतो म्हणाल्या, आणि हे खरे होते, कारण थोरले गेल्यापासून वाड्यातून पोती येणे बंद झाले होते आणि त्या स्वतःच शेत करीत होत्या. मग अध्यक्षांनी दुभाष्यामार्फत विचारले, मयत देसाई तुमचे कोण? बाईंनी उत्तर दिले : ‘धनी.’

मराठी वाचकाला या शब्दाची फोड करून सांगायला नको. कूळ मालकाला धनी म्हणते आणि बायको नवऱ्यालाही धनी म्हणते. बाई खोटे बोलल्या नाहीत, आणि खरे आहे तेही सगळे बोलल्या नाहीत. माझी खात्री आहे की हा शब्द त्यांनी वाटेत चालताना ठरवून ठेवला होता. कारकुनाने त्याचे कानडी करताना ‘मालीकरु’ असे लिहिले आणि एका अर्थाचा गळा तिथेच दाबला गेला. त्याने ‘यजमानरु’ लिहिले असते तर कानडीतही दोन्ही अर्थ जिवंत राहिले असते, कारण कानडी बाया नवऱ्याला यजमान म्हणतात. एका कारकुनाच्या घाईपायी पुढची बारा वर्षांची कोर्टबाजी झाली असे म्हणणे जरा जास्त होईल, पण अगदीच चूक होणार नाही.

अध्यक्षांनी आबासाहेबांना हरकत आहे का विचारले. कागदावर ‘हरकत नाही’ एवढेच आहे. १९७७ मध्ये बाईंच्या नावे आठ एकरांचा कब्जेदारी हक्काचा हुकूम झाला. आक्कासाहेबांचे लग्न त्याआधीच थाटात पार पडले होते.

पण ज्या बोभाट्याला वाडा भीत होता तो टळला नाही. तेवीस अर्जांपैकी बाविसांना हरकत आणि एकाला नाही, हे गावाने मोजले. ज्यांच्याशी देसाई बांधाबांधासाठी भांडले त्या कुळांनी कचेरीच्या पायरीवर बसून एकमेकांना विचारले, हिलाच तेवढी मोकळीक का? जे तोवर कुजबुजीत होते ते त्या दिवसापासून उघड झाले. गप्प राहून आबासाहेबांनी ते जाहीर केले, फक्त त्याची किंमत आठ एकर मोजली. गडहिंग्लजच्या सोयऱ्यांनाही वर्षभरात कळले. त्यांनी काही केले नाही. मुलगी घरात आली होती आणि तिला दिवस गेले होते.

इतर बाविसांपैकी बहुतेकांना जमिनी मिळाल्या. आबासाहेबांनी काही निकालांविरुद्ध बंगळूरला हायकोर्टात रिट टाकले. तेव्हा धारवाडला खंडपीठ नव्हते, ते २००८ मध्ये सुरू झाले. प्रत्येक तारखेला रात्रीच्या गाडीने पाचशे किलोमीटर जायचे, हॉटेलात उतरायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे, यात काजूच्या राईचे उत्पन्न गेले. वाड्याच्या पूर्वेच्या सोप्याची कौले त्याच काळात बदलायची राहिली आणि मग तो सोपा पावसाने बसला. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन सगळी जुनी कुळे वाड्यावर येत राहिली, आणि लक्ष्मीच्या यात्रेत पहिली ओटी वाड्याचीच राहिली. ज्या माणसाने दुपारी कचेरीत ‘हे आम्हाला नाडतात’ अशी जबानी दिली तोच संध्याकाळी धन्यांच्या पाया पडायला आला, असे आबासाहेब शेवटपर्यंत चकित होऊन सांगत. मला त्यात चकित होण्यासारखे काही वाटत नाही. जमीन त्यांना हवी होती, देसाई नकोत असे त्यांनी कधी म्हटले नव्हते.

पुढची पिढी

वहिनीसाहेब १९८८ मध्ये गेल्या, मळ्यातल्या बाई २००३ मध्ये. दोघी हयातीत एकमेकींशी बोलल्या नाहीत. बाईंचा मुलगा मराठी शाळेत शिक्षक झाला आणि गाव त्याला मास्तर म्हणू लागले. कब्जेदारी हक्काची जमीन पंधरा वर्षे विकता येत नाही. मास्तरांनी ती मुदत संपल्यावरही विकली नाही, काही भागात ऊस केला. त्यांना पैशाची ओढ होती असे कोणी म्हणत नाही. तरीही २०१२ मध्ये, निवृत्तीला आठ वर्षे असताना, त्यांनी वाडा आणि वाड्याच्या खुद्द वहिवाटीच्या जमिनीत हिस्सा मागणारा दावा घातला.

निमित्त दोन घडले. नातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढायला गेले तेव्हा तलाठ्याने वडिलांच्या नावासमोर आईचे नाव कोणत्या नात्याने लावू असे विचारले आणि उत्तर न मिळाल्याने रकाना मोकळा सोडला. आणि आदल्या वर्षी, २०११ मध्ये, रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या कर्नाटकातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, शून्य विवाहातल्या संततीला वडिलोपार्जित मिळकतीत काहीच नाही या तोवरच्या मताबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला होता.

दाव्यातला पेच असा होता. हिंदू विवाह कायद्याचे सोळावे कलम शून्य विवाहातल्या मुलाला औरस मानते, पण त्यासाठी विवाह म्हणून काही तरी झालेले असावे लागते. लग्न लागले आणि ते कायद्याने शून्य ठरले, तर मुलाला हक्क. लग्न लागलेच नाही, तर वडिलांच्या मिळकतीत काही नाही. म्हणजे बेकायदेशीर ठरलेले लग्नही विधीने लागले होते हे मास्तरांना सिद्ध करायचे होते, आणि ते लावणारे भटजी केव्हाच वारले होते. वाड्याने १९७६ ची जबानी पुढे केली : आईने स्वतः शपथेवर मयताला ‘मालीकरु’ म्हटले आहे, नवरा नाही. आबासाहेब तेव्हा थकले होते, काम नातू पाहत होता. १९७६ साली आजोबांच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोलले गेले असते तर ते आता वाड्याच्याच गळ्यात पडले असते, हे त्याच्या वकिलाने त्याला समजावले. बहिणीच्या लग्नासाठी धरलेले मौन वाड्याला अशा रीतीने अनपेक्षितपणे उपयोगी पडले. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण विवाहविधी शाबीत झाला नाही.

अपील चालू असताना धाकट्या आक्कासाहेब माहेरी आल्या. त्या आता चौसष्टीच्या पुढे होत्या. माळ्यावरची ट्रंक उतरवून त्यांनी १९५८ ची कीर्द काढली आणि ती मास्तरांच्या वकिलाकडे नेऊन दिली. वैशाखातल्या पानावर दिवाणजींचे अक्षर आहे : मळ्याकडील कार्य, मुंडावळ्या जोड एक, शालू एक, मंगळसूत्र करणावळ, भटजीस दक्षिणा. वाड्याच्या वकिलाने मुंडावळ्या मुंजीलाही बांधतात असे म्हणून पाहिले, पण मुंजीला मंगळसूत्र घडवत नाहीत.

आक्कासाहेबांनी हे का केले? त्या मला म्हणाल्या, ‘माझं लगीन जमावं म्हणून तिचं झालेलं लगीन पुसलं. चाळीस वर्सं ते माझ्या पदराला लागून होतं.’ हे खरे मानायला माझी हरकत नाही. मात्र २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुली जन्मतः सहहिस्सेदार झाल्यावर वाड्याने २००७ मध्ये त्यांच्याकडून हक्कसोड पत्र लिहून घेतले होते, वाचायला चश्मा नसताना, हेही खरे आहे. माणूस एका कृत्यात दोन हिशोब चुकते करतो आणि त्यातला कोणता आधी चुकवला हे त्यालाही सांगता येत नाही.

१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्या जुन्या प्रश्नाचा निकाल दिला. शून्य विवाहातली संतती जन्मतः सहहिस्सेदार होत नाही, पण मृत्यूच्या आधी वाटणी झाली असे कल्पून बापाच्या वाट्याला जे आले असते त्यात तिचा वारसा लागतो. मास्तरांना यामुळे बळ आले तरी मैदान मोकळे झाले नव्हते, कारण थोरले १९७१ मध्ये वारले आणि सोळाव्या कलमाला आजचे रूप १९७६ मध्ये मिळाले. दुरुस्ती आधी जन्मलेल्यांनाही लागू आहे, पण तिच्याआधी उघडलेल्या वारसाचे काय, यावर वाड्याला झगडता आले असते. दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलांना सांगितले की आणखी दहा वर्षे लागतील. २०२४ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली.

मास्तरांनी मागणी कमी केली आणि एका बाबतीत हट्ट धरला. जमिनीत तीन एकर आणि देवडीलगतची पडकी जागा एवढे घेतले. हट्ट असा की तडजोडीला जोडलेल्या वंशवृक्षात आईचे नाव थोरल्यांच्या नावाशी आडव्या रेषेने जोडलेले हवे. पहिल्या मसुद्यात ती रेषा तुटक होती. ती सलग होईपर्यंत मास्तरांनी सही केली नाही, आणि दोन तारखा त्यात गेल्या. आक्कासाहेबांचे हक्कसोड पत्रही त्याच बैठकीत रद्द झाले.

उरली मळ्यातली आठ एकर. बाई कुटुंबातल्या होत्या हे मान्य केले की त्या कूळ नव्हत्या असे म्हणता येते, आणि मग १९७७ चा हुकूम मुळातूनच प्रश्नात येतो. वाड्याच्या वकिलाच्या हे ध्यानात होते आणि मास्तरांच्या वकिलाच्याही. म्हणून तडजोडीत सातवे कलम घातले गेले की मळ्याच्या जमिनीबाबतचा हुकूम कोणताही पक्ष उकरणार नाही. आज तालुक्याच्या कचेरीत एक कागद सांगतो की त्या देसायांच्या कूळ होत्या आणि न्यायालयाच्या दप्तरातला दुसरा सांगतो की त्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी होत्या. दोन्हींवर शिक्के आहेत. यंदाही मळ्यात इंटाण पेरले आहे.